कोलोनचे आर्चबिशप कोलोनमध्ये का राहत नव्हते?

ऱ्हाईनकाठी

सर्वांना नमस्कार.

कामानिमित्त गेली चार वर्षे मी ड्युसेलडॉर्फमध्ये राहतो. गेल्या महिन्यात आई-बाबा आले होते, तेव्हा त्यांना घेऊन बॉनला गेलो. तिथल्या विद्यापीठाची पिवळ्या रंगाची लांबच लांब इमारत पाहून बाबांनी विचारले, की हा वाडा मूळचा कुणाचा? मी माहितीपत्रक चाळून सांगितले, की कोलोनच्या आर्चबिशपांचा. ते या भागाचे राजेही होते. त्यावर बाबांनी सरळ हिशेब मांडला : कोलोन इथून आगगाडीने अर्ध्या तासावर आहे, जगप्रसिद्ध कॅथेड्रल तिथे आहे, मग त्या कॅथेड्रलच्या धर्मगुरूने वाडा मात्र इथे का बांधावा? मला उत्तर देता आले नाही. परतीच्या वाटेवर आम्ही ब्र्यूलला उतरलो, तर स्टेशनासमोरच त्यांचा आणखी एक राजवाडा उभा. त्यातला तो जिना पाहिल्यावर आई म्हणाली, "हे काही संन्याशाचे घर दिसत नाही."

घरी आल्यावर थोडे वाचन केले, पण त्याने गोंधळ वाढलाच. एका ठिकाणी वाचले, की १२८८ साली कोलोनच्या नागरिकांनी आपल्याच आर्चबिशपाविरुद्ध लढाई केली आणि जिंकली. दुसऱ्या ठिकाणी वाचले, की त्यानंतरही हे राज्य पाचशे वर्षे टिकले. राजधानीच हातची गेल्यावर राज्य टिकते कसे? त्याहून चमत्कारिक म्हणजे, १५८३ ते १७६१ या काळातले सगळे आर्चबिशप बव्हेरियाच्या एकाच राजघराण्यातले आहेत. ज्या पदावरच्या माणसाला लग्नच करता येत नाही, ते पद एका घराण्यात पावणेदोनशे वर्षे राहिलेच कसे?

जाणकारांनी सविस्तर लिहिले तर बाबांनाही वाचून दाखवीन.

बखरवाचक

आपल्या बाबांनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. त्या एका प्रश्नातून या राज्याचा जवळजवळ सगळा इतिहास सांगता येतो.

आधी एक गाठ सोडवून घेतली पाहिजे. 'कोलोनचे आर्चबिशप' या एका नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या. एक धर्मप्रांत, म्हणजे ज्या मुलखातील चर्च, धर्मगुरू आणि भाविक यांच्यावर आर्चबिशपांचा धार्मिक अधिकार चाले तो. आणि दुसरे राज्य, म्हणजे जिथे ते कर वसूल करीत, न्यायनिवाडा करीत, सैन्य ठेवीत आणि पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटाखेरीज कुणालाही वरिष्ठ मानीत नसत तो मुलूख. या दोहोंच्या सीमा कधीच एक नव्हत्या. धर्मप्रांतातल्या बऱ्याच भागावर क्लेव्ह, बेर्ग, युलिश अशा शेजारच्या सरदारांचे राज्य होते, आणि तिथला शेतकरी पापनिवेदनाला आर्चबिशपांच्या माणसाकडे जाई, पण सारा मात्र आपल्या धन्याला भरी. आपले ड्युसेलडॉर्फ त्यांतलेच, बेर्गच्या मुलखातले.

धर्मगुरूच्या हाती राज्य आले ते सम्राटांच्या सोयीने. दहाव्या शतकात जर्मन राजा पहिल्या ओटोला आपल्याच नातलग सरदारांच्या बंडांनी हैराण केले होते. सरदाराला जहागीर दिली की ती त्याच्या मुलाकडे जाते आणि दोन पिढ्यांत ते घराणे डोईजड होते. बिशपाला औरस मुलगा नसतो. तो मेला की जागा रिकामी होते आणि सम्राटाला पुन्हा आपला माणूस बसवता येतो. ओटोने ९५३ साली आपला धाकटा भाऊ ब्रूनो याला कोलोनचा आर्चबिशप आणि त्याच वर्षी लोरेनचा ड्यूकही केले. धर्मदंड आणि तलवार एका हाती येण्याची कोलोनमधली सुरुवात इथे झाली. पुढे याच कारणासाठी जकाती, टांकसाळी, बाजारांचे हक्क एकेक करून आर्चबिशपांना मिळत गेले. सम्राटाचा हिशेब एकाच ठिकाणी चुकला : बिशप निवडण्याचा त्याचा अधिकार पुढे पोपशी झालेल्या दीर्घ झगड्यात ढिला पडला, आणि दिलेले मुलूख मात्र परत आले नाहीत.

आता शहराकडे येतो. आर्चबिशप आणि कोलोन यांचे बिनसले ते १२८८ च्या कितीतरी आधी, आणि निमित्त होते एका नावेचे. १०७४ च्या ईस्टरला आर्चबिशप दुसरे आन्नो यांच्याकडे म्युन्स्टरचे बिशप पाहुणे होते. त्यांना परत पोचवायला नाव हवी, म्हणून आर्चबिशपांच्या माणसांनी धक्क्यावरची एका व्यापाऱ्याची नाव ताब्यात घेतली आणि तिच्यातला माल बाहेर काढण्याचा हुकूम सोडला. व्यापाऱ्याच्या तरुण मुलाने आपली माणसे गोळा करून त्यांना पिटाळून लावले आणि संध्याकाळपर्यंत सारे शहर पेटले. जमाव वाड्यात घुसला. आन्नो रात्री अंधाराचा फायदा घेऊन तटाच्या भिंतीतल्या एका चोरवाटेने निसटले. चारच दिवसांनी ते सैन्य घेऊन परतले. बंडवाल्यांना जबर दंड झाले आणि त्या मुलाचे डोळे काढण्यात आले. हे आन्नो म्हणजे तेच, ज्यांनी १०६२ साली कैझर्सव्हर्थला, आजच्या ड्युसेलडॉर्फच्या हद्दीत, अकरा वर्षांच्या राजा चौथ्या हेन्रीला सुंदर नाव दाखवतो म्हणून नावेवर चढवले आणि पळवून नेले. नावांशी या गृहस्थांचे काही वेगळेच नाते असावे. पुढे चर्चने त्यांना संतपदही दिले.

बाराव्या शतकात आर्चबिशपांचा जोर सर्वाधिक होता. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचे चॅन्सेलर असलेले राइनाल्ड फॉन डासेल यांनी ११६४ साली जिंकलेल्या मिलानमधून तीन राजांचे अवशेष कोलोनला आणले. बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेले ते हेच, अशी श्रद्धा असल्याने युरोपभरच्या यात्रेकरूंची रीघ लागली. त्यांच्यानंतरचे फिलिप फॉन हाइन्सबेर्ग यांना ११८० साली, हेन्री द लायन या बलाढ्य ड्यूकचे राज्य सम्राटाने मोडीत काढले तेव्हा, वेस्टफालियाची डची, म्हणजे ड्यूकचा मुलूख, मिळाली. पण गंमत अशी, की यात्रेमुळे जो पैसा आला तो आर्चबिशपांपेक्षा शहरातल्या व्यापाऱ्यांच्या गाठीला अधिक लागला. आज कोलोनच्या मानचिन्हात जे तीन मुकुट दिसतात ते याच तीन राजांचे. आर्चबिशपांनी आणलेले दैवत शहराने आपले करून टाकले.

तेराव्या शतकात कॉनराड फॉन होख्श्टाडेन यांनी १५ ऑगस्ट १२४८ रोजी आजच्या कॅथेड्रलची पायाभरणी केली. त्याच कॉनराडांचे शहराशी इतके वाजले, की १२५८ साली दोघांत निवाडा करायला विद्वान आल्बर्टस मॅग्नस यांना बसावे लागले. पुढच्याच वर्षी कॉनराडांनी शहराला एक मोठा हक्क दिला : कोलोनवरून नदीने जाणारा माल व्यापाऱ्याने तिथे उतरवून तीन दिवस विक्रीला मांडलाच पाहिजे. या हक्कावर शहर गब्बर झाले, आणि गब्बर शहर कुणाचा धाक मानत नाही.

मग ५ जून १२८८. भांडण मुळात लिम्बुर्गच्या गादीच्या वारशाचे होते. एका बाजूला ब्राबांटचा ड्यूक पहिला जॉन आणि बेर्गचा काउंट आडोल्फ, दुसऱ्या बाजूला आर्चबिशप सिगफ्रिड फॉन वेस्टरबुर्ग आणि त्यांचे मित्र. कोलोनच्या नागरिकांनी ब्राबांटची बाजू घेतली आणि आपल्या आर्चबिशपांवर चालून गेले. वोरिंगेनच्या मैदानात बेर्गचे शेतकरी धान्य झोडपायची दांडकी घेऊन लढायला उतरले होते. सिगफ्रिड पकडले गेले आणि वुपर नदीवरच्या बेर्गच्या किल्ल्यात वर्षभराहून अधिक काळ कैदेत राहिले. मोठा दंड भरून त्यांची सुटका झाली. शहर मात्र हातचे गेले ते गेलेच. आणि हो, विजयी काउंटने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ड्युस्सेल ओढ्याच्या तोंडावरच्या एका खेड्याला शहराचे हक्क दिले. आपण राहता ते शहर असे आर्चबिशपांच्या पराभवातून जन्माला आले आहे.

तेव्हापासून आर्चबिशप ब्र्यूल, लेखेनिख, पॉपेल्सडॉर्फ, गोडेसबेर्ग असे फिरते राहिले आणि शेवटी बॉनला स्थिरावले. बाबांच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच : वाडा तिथे बांधला, कारण गावात घेत नव्हते.

तळटीप

बखरवाचक यांच्या लेखनाला एक दुरुस्ती सुचवतो. १२८८ नंतर शहर 'हातचे गेले' हे व्यवहारात खरे असले, तरी कायद्याने नाही. कोलोनला साम्राज्याचे मुक्त शहर म्हणून सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकची मान्यता मिळाली ती १४७५ मध्ये, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांनी. मधल्या काळात आर्चबिशप शहरावरचा दावा सोडत नव्हते आणि शहर तो मान्य करत नव्हते. नवे आर्चबिशप शहरात समारंभाने प्रवेश करीत, पण त्याआधी शहराच्या स्वातंत्र्याला धक्का लावणार नाही अशी ग्वाही त्यांना द्यावी लागे. त्यानंतरही एक धागा तुटला नाही, तो म्हणजे फौजदारी न्यायाचा. देहदंडाचा निकाल देणारे वरिष्ठ न्यायालय आर्चबिशपांच्या नावाने शहरातच बसे. म्हणजे शहर आपल्या कारभाराचे मालक, पण चोराला फासावर चढवायचे तर न्याय आर्चबिशपांचा. या एका गोष्टीवरून दोन्ही बाजूंचे वकील शतकानुशतके पोट भरत राहिले.

राजधानी गेल्यावर राज्य कशावर टिकले, याचे उत्तर नदीत आहे. ऱ्हाईनच्या डाव्या काठाने, दक्षिणेला आन्डरनाखपासून उत्तरेला ऱ्हाइनबेर्गपर्यंत, त्यांच्या मुलखाची एक लांबट चिंधी होती, आणि नदीवरून जाणारी प्रत्येक नाव जकात भरून पुढे जाई. आपण ड्युसेलडॉर्फला आहात, तर एखाद्या रविवारी जवळच्या झोन्सला जाऊन या. १३७२ साली आर्चबिशप फ्रेडरिक फॉन सारवेर्डेन यांनी नॉयसचे जकातनाके तिथे हलवले आणि लगेच त्याभोवती तटबंदी उभारली. नदी पुढे दूर सरकली, जकात केव्हाच संपली, पण तट, बुरूज आणि जकातीचा मनोरा जागच्या जागी आहेत. राजवाड्यांपेक्षा हे राज्य तिथे जास्त चांगले समजते, असे माझे मत आहे. याशिवाय नदीपलीकडे रेक्लिंगहाउजेनचा टापू आणि आर्न्सबेर्गच्या आसपासचा डोंगराळ वेस्टफालिया, असे दोन अलग तुकडे होते. तीन तुकडे, तिघांचे कायदे वेगळे, तिघांच्या सभा वेगळ्या.

ऱ्हाईनकाठी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. वोरिंगेन माझ्या रोजच्या लोकल गाडीच्या वाटेवरचे स्टेशन आहे. इतकी वर्षे त्या नावाकडे लक्षही गेले नव्हते. आता घराण्याच्या कोड्याकडे कुणी वळेल का? शिवाय या आर्चबिशपांना 'इलेक्टर' का म्हणतात, तेही सांगावे.

बखरवाचक

इलेक्टरपासून सुरुवात करतो, कारण घराण्याचे कोडे त्यातूनच सुटते.

पवित्र रोमन साम्राज्याचा राजा वंशपरंपरेने नव्हे, तर निवडणुकीने ठरे. १३५६ साली सम्राट चौथ्या चार्ल्सने सोनेरी मुद्रेच्या फर्मानाने मतदारांची, म्हणजेच 'इलेक्टरां'ची, संख्या सात अशी पक्की केली : माइन्झ, ट्रियर आणि कोलोन यांचे तीन आर्चबिशप, आणि बोहेमियाचा राजा, ऱ्हाईनचा पॅलेटाइन काउंट, सॅक्सनीचा ड्यूक व ब्रांडेनबुर्गचा मार्ग्रेव्ह असे चार संसारी राजे. सातांतले एक मत ज्याच्या हाती, त्याच्या दारी सम्राट होऊ पाहणाऱ्याला यावेच लागे. राज्य चिंधीएवढे, पण मताची किंमत साम्राज्याएवढी.

हे मत देणारा आर्चबिशप निवडत कोण? कॅथेड्रलचे धर्ममंडळ. त्यातल्या बहुतेक जागा उच्च कुळातल्या सरदारपुत्रांसाठी राखीव होत्या आणि थोड्या विद्वान धर्मगुरूंना मिळत. मोठ्या घराण्यांतल्या धाकट्या मुलांची ही हक्काची सोय होती. आपला उमेदवार निवडून देण्यापूर्वी हे मंडळ त्याच्याकडून अटींचा कागद लिहून घेई. थोडक्यात, आर्चबिशप हे वतन नव्हते, पण वतनदारांनी मिळून वाटून घेतलेली जागा नक्कीच होती.

सोळाव्या शतकात लुथरच्या सुधारणेची लाट आली, तेव्हा कोलोनची परीक्षा दोनदा झाली. आर्चबिशप हेरमान फॉन वीड यांनी १५४३ च्या सुमारास बुट्सर आणि मेलांख्थोन या प्रॉटेस्टंट धर्मसुधारकांना बोलावून सौम्य सुधारणा करू पाहिली. धर्ममंडळाने व शहराने विरोध केला, पोपने १५४६ मध्ये त्यांना बहिष्कृत केले आणि पुढच्या वर्षी त्यांनी पद सोडले. हे प्रकरण त्या मानाने शांततेत मिटले.

दुसरे प्रकरण मिटले नाही. १५७७ साली बव्हेरियाच्या अर्न्स्टला हरवून गेबहार्ड ट्रुखसेस फॉन वाल्डबुर्ग निवडून आले. पुढे गेरेसहाइमच्या मठात राहणाऱ्या आग्नेस फॉन मान्सफेल्ड या सरदारकन्येवर त्यांचे मन जडले. तिच्या भावांनी लग्नाचा आग्रह धरला. गेबहार्ड यांनी १५८२ च्या अखेरीस प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारल्याचे जाहीर केले आणि २ फेब्रुवारी १५८३ रोजी बॉनमध्ये लग्न लागले. एवढ्यावर ते पद सोडते, तर कुणाला फारसे काही वाटले नसते. १५५५ च्या आउग्सबुर्गच्या तहात तसे कलमच होते, की धर्मगुरू-राजाने पंथ बदलला तर राज्य सोडावे. गेबहार्ड यांनी बायको आणि राज्य दोन्ही ठेवायचे ठरवले. आता सात मते डोळ्यांसमोर आणा. पॅलेटाइन, सॅक्सनी व ब्रांडेनबुर्ग ही तीन प्रॉटेस्टंट होतीच. कोलोन चौथे झाले असते आणि पुढचा सम्राट प्रॉटेस्टंट निवडला जाण्याची वाट मोकळी झाली असती. एका लग्नाने माद्रिदपासून रोमपर्यंत सगळ्यांची झोप उडाली ती यामुळे.

पोपने गेबहार्ड यांना पदच्युत केले, धर्ममंडळाने मे १५८३ मध्ये त्याच अर्न्स्टला निवडले, आणि बव्हेरियाचे व पुढे स्पेनचेही सैन्य मुलखात शिरले. बॉनजवळच्या गोडेसबुर्ग किल्ल्याला महिनाभर वेढा पडला. तोफांनी भिंती पडेनात, तेव्हा खालून सुरुंग खणून १७ डिसेंबर रोजी बार उडवण्यात आला. तरीही आतले लोक झुंजत राहिले, म्हणून काही हल्लेखोर शौचकूपाच्या नळीतून वर चढून आत गेले. ढिगाऱ्यात १२१० साली बसवलेली पायाभरणीची शिला सापडली. ती आज बॉनच्या संग्रहालयात आहे. किल्ला पुन्हा बांधला गेला नाही. बॉनहून पुढे गेलात तर टेकडीवर त्याचा एकटा उंच बुरूज दिसेल. युद्ध १५८८ पर्यंत रेंगाळले, १५८६ मध्ये नॉयस शहराची राखरांगोळी झाली, आणि गेबहार्ड १६०१ साली श्ट्रासबुर्गला वारले.

अर्न्स्ट आले आणि बव्हेरियाच्या विटल्सबाख घराण्याने दार आतून लावून घेतले. मुलगा गादीवर बसवता येत नसेल तर पुतण्या बसवता येतो, ही त्यांची युक्ती. वृद्ध आर्चबिशपांच्या हयातीतच धर्ममंडळाकडून एक 'कोआड्ज्युटर', म्हणजे मदतनीस आणि ठरलेला वारस, निवडून घ्यायचा. अर्न्स्ट यांचे पुतणे फर्डिनांड १५९५ मध्ये असे मदतनीस झाले आणि १६१२ मध्ये काकांच्या जागी बसले. फर्डिनांड यांच्यानंतर १६५० मध्ये त्यांचे पुतणे मॅक्सिमिलियन हाइनरिख. त्यांच्यानंतर १६८८ मध्ये चुलतभावाचे चिरंजीव योझेफ क्लेमेन्स. त्यांच्यानंतर १७२३ मध्ये सख्ख्या भावाचे चिरंजीव क्लेमेन्स आउगुस्ट. मराठी वाचकाला काका-पुतण्याचे राजकारण समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच, की इथे पुतण्याने काकाविरुद्ध बंड करण्याचे कारणच नव्हते.

अपवाद एकच, १६८८ चा. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा उमेदवार विल्हेल्म एगोन फॉन फ्युर्स्टेनबेर्ग याला धर्ममंडळात अधिक मते पडली होती, पण नियमाने हवे तेवढे बहुमत नव्हते. पोपने कौल सोळा वर्षांच्या योझेफ क्लेमेन्स यांना दिला. लुईने सैन्य पाठवले, आणि युरोपात नऊ वर्षे चाललेल्या युद्धाच्या कारणांत या निवडणुकीचीही भर पडली. पुढच्या वर्षी ब्रांडेनबुर्गच्या तोफांनी बॉन बेचिराख केले.

आणि आपल्या आईंचे निरीक्षण बरोबर आहे. हे लोक संन्यासी नव्हतेच. फर्डिनांड यांनी अडतीस वर्षे राज्य केले, पण बिशपपदाची दीक्षा कधी घेतली नाही. योझेफ क्लेमेन्स यांनी गुरुदीक्षा घेतली ती १७०६ मध्ये, निवडून आल्यावर अठरा वर्षांनी, तीही परागंदा असताना. बाप्तिस्मे, दृढीकरण, धर्मगुरूंच्या दीक्षा ही सगळी कामे एक सहायक बिशप पाही.

उंबरठा

छान माहिती मिळते आहे. एक शंका. गोव्यातही आर्चबिशपांच्या हाती राज्यकारभार होता ना? आर्चबिशप आलेशो द मेनेझिस हे १६०७ ते १६०९ या काळात पोर्तुगीज हिंदुस्थानचे गव्हर्नर होते. मग कोलोनची रीत आणि ही रीत एकच समजावी काय?

तळटीप

उंबरठा, या दोन गोष्टी दिसायला सारख्या, पण आतून वेगळ्या आहेत. मेनेझिस गव्हर्नर झाले ते पोर्तुगालच्या राजाचे चाकर म्हणून, आणि नवा माणूस येईपर्यंत. गोव्याच्या आर्चबिशपपदाला राज्य जोडलेले नव्हते. गव्हर्नरकी संपल्यावर ते पुन्हा निव्वळ आर्चबिशप झाले. कोलोनमध्ये राज्य हे पदाचाच भाग होते. तिथला आर्चबिशप कुणाचा नोकर नव्हता. तो स्वतःच्या नावाने नाणी पाडी, तह करी आणि युद्धही पुकारी.

आता शेवटच्या दोन अंकांबद्दल थोडे लिहितो, कारण ब्र्यूलचा जिना तिथे येतो.

क्लेमेन्स आउगुस्ट यांच्याकडे कोलोनखेरीज म्युन्स्टर, पाडरबोर्न, हिल्डेसहाइम आणि ओस्नाब्र्युक ही बिशपपदेही होती, म्हणून लोक त्यांना 'पाच चर्चांचे धनी' म्हणत. शिवाय १७३२ पासून ते ट्यूटॉनिक संघ या धर्मयोद्ध्यांच्या जुन्या संघटनेचे महाप्रमुखही होते. ब्र्यूलचा आउगुस्टुसबुर्ग वाडा त्यांनी १७२५ मध्ये बांधायला घेतला, आणि आपल्या आईंनी पाहिलेला जिना वास्तुशिल्पी बाल्थाझार नॉयमान यांच्या आराखड्याचा आहे. त्यातली मेख अशी, की पाहुणा खालच्या अंधूक दालनातून पायऱ्या चढू लागतो आणि वळणावर छत एकदम उघडून प्रकाश व रंग अंगावर येतात. यजमान वर उभे राहून कोण किती पायऱ्या चढू शकतो हे ठरवीत. जवळच फाल्केनलुस्ट नावाचा छोटा वाडा आहे, तो केवळ ससाण्यांनी बगळ्यांची शिकार करण्याच्या नादापायी बांधलेला. १७४२ साली फ्रांकफुर्टमध्ये त्यांनी आपल्या सख्ख्या भावाच्या डोक्यावर सम्राटाचा मुकुट ठेवला. पैसा मात्र जो अधिक देईल त्याचा. फ्रान्स, ऑस्ट्रिया, इंग्लंड असे पक्ष त्यांनी इतक्या वेळा बदलले, की त्यांच्या मुत्सद्देगिरीत धोरण शोधणे मला तरी जमलेले नाही. फेब्रुवारी १७६१ मध्ये म्युनिकला निघाले असता वाटेत एरेनब्राइटश्टाइनला ट्रियरच्या इलेक्टरांकडे उतरले. प्रकृती बरी नव्हती, तरी संध्याकाळच्या नृत्यात उतरले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले.

या उधळपट्टीतून एक गोष्ट मात्र अशी उरली, जिचा जमाखर्च मांडता येत नाही. दरबाराच्या गायनवृंदात १७३३ मध्ये एक फ्लेमिश गायक नोकरीला लागला, त्याचा मुलगाही तिथेच गायक झाला, आणि नातू डिसेंबर १७७० मध्ये बॉनमध्ये जन्मला. तो लुडविग फान बीथोवन. शेवटचे प्रत्यक्ष राज्य करणारे इलेक्टर माक्स फ्रांझ हे ऑस्ट्रियाच्या हॅब्सबुर्ग घराण्यातल्या मारिया थेरेसाचे सर्वांत धाकटे चिरंजीव आणि मारी आंत्वानेतचे भाऊ. कोआड्ज्युटरची युक्ती आता या घराण्याने उचलली होती. काटकसरी, साध्या राहणीचे, १७८६ मध्ये बॉनला विद्यापीठ थाटात सुरू करणारे हे गृहस्थ मला सगळ्या यादीत अधिक आवडतात. १७८४ मध्ये त्यांनीच बालवयातल्या बीथोवनला दरबारी ऑर्गनवादकाचा मदतनीस म्हणून पगार बांधून दिला, आणि १७९२ मध्ये तो त्यांच्याच परवानगीने व्हिएन्नाला शिकायला गेला. परत यायला बॉनचा दरबारच उरला नाही. ऑक्टोबर १७९४ मध्ये फ्रेंच सैन्य आले आणि माक्स फ्रांझ निघून गेले.

डावा काठ फ्रान्सकडे गेला. उरले ते उजव्या काठावरचे तुकडे. कॅथेड्रलचे धर्ममंडळ पळून आर्न्सबेर्गला गेले होते, आणि तीन राजांची सोन्याची पेटीही सोबत नेलेली होती. ती तिथल्या मठात ठेवली. जुलै १८०१ मध्ये माक्स फ्रांझ व्हिएन्नात वारले, तेव्हा या मंडळाने आर्न्सबेर्गमध्ये बसून रीतसर निवडणूक घेतली आणि आंटोन व्हिक्टोर यांना आर्चबिशप व इलेक्टर म्हणून जाहीर केले. हेही मयताचे पुतणेच. त्यांनी पदाचा ताबा कधीच घेतला नाही. फेब्रुवारी १८०३ च्या साम्राज्याच्या ठरावाने धर्मगुरूंची राज्ये वाटून टाकली : वेस्टफालिया हेसेन-डार्मश्टाटला आणि रेक्लिंगहाउजेन आरेनबेर्गच्या ड्यूकला मिळाले. डाव्या काठावर तर नेपोलियनने धर्मप्रांतही मोडून आखेनला नवा बिशप बसवला होता. कोलोनला पुन्हा आर्चबिशप आले ते प्रशियाच्या अमलात, १८२० च्या दशकात. त्यांच्याकडे जकात नव्हती, सैन्य नव्हते, मत नव्हते. त्यामुळे त्यांना शहरात राहायला कुणाची हरकत असण्याचे कारणही उरले नव्हते.

ऱ्हाईनकाठी

आज फोनवर बाबांना सगळे वाचून दाखवले. 'गावात घेत नव्हते' या वाक्याला ते मनापासून हसले, आणि मग त्यांनी विचारले, की त्या तीन राजांच्या पेटीचे पुढे काय झाले?

तळटीप

ती १८०४ मध्ये कोलोनला परत आली आणि कॅथेड्रलच्या मुख्य वेदीमागे आजही आहे. बॉनला जाताना गाडी बदलायला कोलोनला थांबाल, तर स्टेशनातून बाहेर पडल्यावर समोरच कॅथेड्रल आहे. दहा मिनिटे पुरतात.